रिओत पहिल्यांदाच: चष्मा गेला, साबुदाणा सापडला

विंचूबिऱ्हाड

परवा पहाटे परत आलो. शरीर अजून तिकडच्याच घड्याळावर आहे (आपण त्यांच्या साडेआठ तास पुढे), म्हणून रात्री अडीचला टक्क जागी राहून हे लिहितेय. जाण्याआधी इथेच मंचावर विचारलं होतं, ब्राझीलला कोणी गेलंय का म्हणून. तीन प्रतिसाद आले आणि तिन्हींत 'जाऊ नका, लुटतील' एवढंच. तर मंडळी, माणसांनी काही लुटलं नाही. समुद्राने लुटलं.

दोघं, दोन सॅक, प्रत्येकी नऊ किलो. सात रात्री बोताफोगो भागातल्या एका हॉस्टेलात, सहा खाटांच्या खोलीत. पहिला धडा विमानतळावरच मिळाला: हे गाव रिओ नाही, 'हिओ' आहे. शब्दाच्या सुरुवातीचा र हे लोक घशातून ह करून काढतात. पैसेसुद्धा रिआल नाहीत, 'हेआल'. आम्ही गेलो तेव्हा एका हेआलला साधारण पंधरा-सोळा रुपये पडत होते.

सामान टाकलं आणि मेट्रोने थेट इपानेमा. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, पण हिवाळा म्हणजे आपला पुण्यातला डिसेंबर दुपारी असतो तसा. ऊन मऊ, आभाळ स्वच्छ. किनाऱ्यावर ठरावीक अंतरावर जीवरक्षकांचे क्रमांक घातलेले मनोरे आहेत, त्यांना पोस्तो म्हणतात, आणि लोक एकमेकांना भेटायचा पत्ता त्यावरूनच सांगतात. आम्ही नऊ नंबरला बसलो. छत्री आणि दोन खुर्च्या भाड्याने. पैसे उठताना द्यायचे, तोवर नारळ मागा, पाणी मागा, तो वाळूवर काठीने काहीतरी खुणा करून हिशेब ठेवतो.

नवरा म्हणाला, पाय भिजवून येतो.

आता आपल्याला सवय कोकणातल्या समुद्राची. गुडघाभर पाण्यात वीस-पंचवीस पावलं आत जा, तरी गुडघाभरच. इथे चार पावलांत तळ संपतो आणि लाट किनाऱ्यावरच उभी राहून कोसळते. जीवरक्षकाची शिट्टी मला ऐकू आली, याला नाही. लाट गेली तेव्हा हा वाळूत बसलेला होता, तोंडात मीठ, एक चप्पल हातात (ती का, हे अजून कळलेलं नाही) आणि चेहऱ्यावर चष्मा नाही. खुर्चीवाल्याने समुद्राकडे बघितलं, मग याच्याकडे, आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "झा एरा." नंतर कळलं, त्याचा अर्थ 'गेला तो'. पुढचे सात दिवस आमच्यात हाच परवलीचा शब्द होता. बस चुकली, झा एरा. मोजा हरवला, झा एरा.

पण त्यानंतर आम्ही तीन तास तिथून हललो नाही, आणि मला वाटतं शहर कळलं ते त्या तीन तासांत. फिरायला आलेलं असं कोणी नव्हतंच. आजी पेपर वाचत होत्या. कार्यालयातून सुटलेला एक जण शर्ट घडी करून पिशवीत ठेवून पाण्यात शिरला, दहा मिनिटांनी बाहेर येऊन परत शर्ट घालून निघूनही गेला. पोरंपोरी गोल करून चेंडू पायाने, डोक्याने, खांद्याने वर ठेवत होती. हात लावायचा नाही आणि खाली पडू द्यायचा नाही. गुण नाहीत, जिंकणं नाही. वाड्याचा ओटा असतो ना, जिथे काही काम नसताना माणूस येऊन बसतो, तसा यांचा समुद्र आहे.

आणि मग 'माची' आला. खांद्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्याने अडकवलेली स्टीलची पिंपं, एकात माते नावाच्या पानांचा गार चहा, दुसऱ्यात लिंबू सरबत. 'माते'चा उच्चार तिथे माची होतो आणि तो आरोळी देतो तीसुद्धा अगदी आपल्या 'कुल्फी मलई'च्या चालीत. तुम्ही हाताने दाखवायचं, चहा किती आणि सरबत किती. अर्धा पेला प्यायलात की तो परत भरून देतो, फुकट. या फेरीवाल्यांना महापालिकेने शहराचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली आहे, म्हणजे पाहा. त्याच्याकडेच ग्लोबो नावाची बिस्किटं, हिरव्या पुड्यात खारी, लाल पुड्यात गोड. फुग्यासारखी हलकी कडी. मी खारं एक तोंडात टाकलं आणि थांबले. ही चव माझ्या ओळखीची होती. साबुदाण्याची पापडी! तळलेली, उपासाची, आजीच्या डब्यातली.

त्या बिस्किटात कसावाच्या कंदाचं पीठ असतं. आपला साबुदाणा त्याच कंदाचा, आणि तो कंद मूळचा ब्राझीलकडचाच. बाकीचं उद्या, झोप आली.

मंजिरी_काळे_ढग

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत! झा एरा मी आजपासून वापरणार. शाकाहारी आहात का तुम्ही? तिथे काय खाल्लंत ते सविस्तर लिहा. आणि चष्म्याचं पुढे काय?

तिचा_हमाल

प्रतिवादी नवरा. दोन खुलासे.

एक. चष्म्याला दोरी लाव असं तिने सांगितलं होतं, असं ती घरी सगळ्यांना सांगते आहे. तिने 'काढून ठेव' असं सांगितलं होतं. उणे सहा नंबर आहे. काढून ठेवला तर समुद्र कुठे आहे ते कळणार कसं?

दोन. नंबराचा कागद फोनमध्ये होता. कोपाकबानाच्या एका दुकानातल्या बाईंनी तो बघून, परत तपासून, दोन दिवसांत चष्मा दिला. त्या दोन दिवसांतच आमचं कोर्कोवादोचं आधी काढलेलं तिकीट होतं. तो ख्रिस्ताचा पुतळा हो. ३० मीटर उंच, चौथरा वेगळा, १९३१ साली उभा राहिला. दातेरी रुळांची गाडी वर जाते, तीही १८८४पासूनची. वर पोचलो. ही म्हणाली, "ढग आहेत, मला काही दिसत नाहीये." मी म्हणालो, "मला तर सगळीकडेच ढग आहेत." अर्ध्या तासाने वाऱ्याने एक हात उघडा पडला, सगळे ओरडले, मीही ओरडलो. काय दिसलं ते विचारू नका.

साओपावलोकर

अकरा वर्षं साओ पावलोत आहे. छान लिहिताय वहिनी. जाणाऱ्यांसाठी कामाचं थोडं लिहून ठेवतो, कारण दरवर्षी कोणीतरी अडकतंच.

भारतीय पासपोर्टला व्हिसा आधी काढावा लागतो. मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा किंवा दुबईवरून या. साओ पावलोत उतरलात तर रिओ बसने सहा-सात तास, बस उत्तम असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिवळ्या तापाची लस. ती ब्राझीलमध्ये शिरण्यासाठी नाही, भारतात परत शिरण्यासाठी लागते! ब्राझीलहून आलेल्या माणसाकडे ते पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते.

पैशांचं: इथे २०२०पासून पिक्स आहे, आपल्या यूपीआयचा भाऊच. पण इथला कर क्रमांक आणि खातं लागतं, त्यामुळे पाहुण्यांना सहसा नाही मिळत. काळजी करू नका, नारळवाल्याकडेही कार्डचं यंत्र असतं. आकडा मात्र बघून मगच कार्ड टेकवा.

अण्णा_निवृत्त

माराकानाचं फुटबॉल मैदान पाहिलंत की नाही? १६ जुलै १९५०, उरुग्वे २, ब्राझील १. आमचे वडील हा स्कोअर झोपेत सांगत. त्या विश्वचषकाला भारत पात्र होता आणि गेला नाही, हे त्यांचं दुःख शेवटपर्यंत होतं. तुम्ही तिथे जाऊन साबुदाणा शोधताय. धन्य.

विंचूबिऱ्हाड

अण्णा, माराकाना बाहेरून पाहिलं. सामना नव्हता आणि आत जायचे पैसे खिशाला झेपेनात. रागावू नका.

@मंजिरी, शाकाहारी दोघंही. घाबरत गेलो होतो. 'सेंम कार्नी' म्हणजे मांसाशिवाय, हे पाठ केलं होतं, पण त्यांच्या लेखी कार्नी म्हणजे गाय-बैलाचं. कोंबडी आणि हॅम त्यात मोजत नाहीत. त्यामुळे एकेक नाव घेऊन नाही म्हणावं लागतं. काळ्या घेवड्याची उसळ दिसली की आपण खूश होतो, पण त्यातही बहुतेकदा डुकराचा तुकडा असतो. शनिवारी तर फेइज्वादा, म्हणजे तोच घेवडा साग्रसंगीत मांसासकट, सगळ्या गावाचं जेवण.

वाचवलं ते वजनावरच्या खाणावळींनी. ताट घ्या, हवं ते वाढा, काट्यावर ठेवा, ग्रॅमचे पैसे द्या. भात, भोपळा, बीट, तळलेली केळी, कोबीसारख्या पानांची परतलेली बारीक चिरलेली भाजी. आपण वजनाने पैसे देतोय म्हटल्यावर माणूस कलिंगडाची फोड घेताना किती विचार करतो, ते नवऱ्याचं ताट बघून कळलं. सकाळी पांव जी केजू, चिजाचे गरमागरम गोळे, तेही कसावाच्याच पिठाचे. कोपऱ्याकोपऱ्यावर रसाची दुकानं: पॅशनफ्रूट, अननस, असाई. आणि काजूच्या बोंडूचा रस! आठवडी बाजारात उसाचा रस आणि बरोबर पातळ पारीची भली मोठी चौकोनी करंजी, आत चीज. चरक तसाच, माशा तशाच.

पण खरी गोष्ट तापियोका. रविवारी जनराल ओझोरियु चौकात हस्तकलेचा बाजार भरतो, त्याच्या कडेला एक बाई गाडी लावून बसल्या होत्या. डब्यात पांढरं, किंचित ओलसर, रांगोळीसारखं सुटं पीठ. तापलेल्या तव्यावर चाळणीतून ते नुसतं भुरभुरवतात. तेल नाही, पाणी नाही. हाताने सारखं करतात आणि काही सेकंदांत तो चुरा आपला आपण एकमेकांना धरून घेतो, कडा सुटते, धिरडं होतं. आत ओलं खोबरं आणि घट्ट गोड दूध, किंवा भाजलेलं चीज. मी तीन खाल्ली. चौथं मागताना बाई हसल्या आणि पिठाचं पाकीटच उचलून दाखवलं, हे घेऊन जा म्हणून.

विचार करा, आपली खिचडी. साबुदाणा, बटाटा, दाणे, मिरची. चारही दक्षिण आणि मध्य अमेरिकेकडून आलेले. एकादशीला आपण जे 'आपलं' म्हणून खातो त्यात जिरं आणि तूप सोडलं तर काय उरतं?

फातोर्ड्याचो

बरें बरयलां. मडगावकर आहे, आजी घरात पोर्तुगीज बोलायची, म्हणून राहवत नाही.

तुम्हाला ते पिंप दिसलं ना खांद्यावर, तो शब्दही पोर्तुगीज 'पिपा'. बादली म्हणजे 'बाल्दी', परात म्हणजे 'प्रातु', चावी 'शावी', पाव तर उघडच. पगार, लिलाव, फीत, तुरुंग. 'काजू' मात्र पोर्तुगालचा नाही, तो तिथल्या तुपी लोकांचा शब्द. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून झाड आणलं, शब्दही आणला. आम्ही फेणी काढली, ते मात्र आमचं.

अजून एक गंमत. नेपोलियनची फौज लिस्बनवर आली तेव्हा पोर्तुगालचा दरबार जहाजात बसून रिओला गेला. १८०८ ते १८२१ राजधानी तिथेच. म्हणजे तेरा वर्षं गोव्याचा कारभार शेवटी रिओतून चालायचा. रिओकर 'दोइस'ला 'दोइश' म्हणतात, तो शही दरबारी लोकांमुळे आला असं सांगतात. आमची आजी तसंच बोलायची.

तिचा_हमाल

@फातोर्ड्याचो, पिपावरून आठवलं. रिओत पिपा म्हणजे पतंगसुद्धा! जुलैत शाळांना सुट्टी, डोंगरावरच्या वस्त्यांच्या गच्च्यांवरून आभाळभर पतंग. आणि काचेची पूड लावलेला मांजा, त्याला सेरोल म्हणतात, त्यावर बंदी, आणि बंदी असून पोरं वापरतात. मी नवा चष्मा लावून पहिल्यांदा नीट पाहिलेली गोष्ट हीच. एक पोरगा जिन्यावर उभा राहून ढील देत होता, बोटाला चिकटपट्टी. 'काटली' असं ओरडायचं अगदी जिभेवर आलं होतं.

खडूस_पण_खरा

डोंगरावरच्या वस्त्या म्हणजे फावेलाच ना? धारावीत गोरे लोक कॅमेरे घेऊन फिरतात तेव्हा आपण शिव्या घालतो. तुम्ही तेच केलंत. वरून पतंगांचं कौतुक.

विंचूबिऱ्हाड

प्रश्न बरोबर आहे, स्वर जरा चढा आहे. आम्ही वस्ती 'बघायला' गेलो नव्हतो. दोइश इर्मांओश, म्हणजे दोन भाऊ, या ५३३ मीटरच्या डोंगराची पायवाट विदिगाल वस्तीच्या माथ्यावरून सुरू होते, दुसरा रस्ता नाही. खालून दुचाकीवाले वर सोडतात (तो चढ आणि ती वळणं... वरंधा घाट बरा). तिथलाच एक मुलगा वाटाड्या घेतला. वस्तीतून जाताना कॅमेरा आत ठेवा असं त्यानेच सांगितलं, आणि ठेवला. पतंग मात्र डोंगरावरून दिसले, आणि ते पाहिल्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

तरीही धारावीची तुलना डोक्यातून गेली नाही. विदिगालच्या गच्चीवरून जो समुद्र दिसतो तो खालच्या कोट्यवधींच्या फ्लॅटमधून दिसत नाही. हे नक्की कोणाच्या बाजूने जातं, ते मला अजून सांगता येत नाहीये.

खडूस_पण_खरा

ठीक. वाटाड्या तिथला घेतलात हे बरं केलंत.

रानवाट_७२

वनस्पतीवाला आहे म्हणून विचारतो, रिओतल्या तिजुकाच्या जंगलात फणस दिसले का?

विंचूबिऱ्हाड

दिसले का म्हणजे! बुंध्याला लगडलेले, खाली पडून फुटलेले, वास थेट आमच्या सावंतवाडीच्या मामाच्या परड्यासारखा. माकडं गरे खात होती. मला वाटलं काय हे भाग्य, आणि सोबतची तिथली मुलगी म्हणाली, हे झाड आमची डोकेदुखी आहे. का ते तुम्ही सांगा.

रानवाट_७२

कारण तो तिथला नाही. 'जाका' हा त्यांचा शब्द मल्याळम 'चक्का'वरून गेलाय, झाड आपल्याकडूनच पोर्तुगीजांनी नेलं. काजूची परतफेड म्हणा. तिजुका हे मुळात माणसाने परत उभं केलेलं जंगल आहे. कॉफीच्या मळ्यांसाठी डोंगर बोडके केले, शहराचं पाणी आटायला लागलं, तेव्हा १८६१ साली सम्राट दुसरा पेद्रो याने पुन्हा झाडं लावायचा हुकूम काढला. मेजर आर्चर नावाच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, गुलाम म्हणून राबणाऱ्या मोजक्या माणसांनी तेरा वर्षांत सुमारे लाखभर रोपं लावली. मेजरचं नाव सगळीकडे येतं, खड्डे खणणाऱ्यांची नावं कमी जणांना ठाऊक असतात. फणस तिथे इतका मातला की स्थानिक झाडांना जागा देईना. आपल्याकडे घाणेरी मातली तसंच. घाणेरी तिकडून आलेली, हेही सांगून ठेवतो :)

विंचूबिऱ्हाड

आता कळलं, कोवळ्या फणसाचं सारण भरलेली कोशिन्या (बटाटेवड्याची लांबट बहीण) जागोजागी का मिळते. झाड काढता येत नाही तर खा.

गुलामीवरून. पर्यटक पायऱ्यांपाशी गर्दी करतात, सेलारोनच्या. चिलीहून आलेल्या त्या चित्रकाराने १९९०पासून स्वतःच्या घरासमोरच्या २१५ पायऱ्यांना रंगीत फरशा लावल्या. सुंदर आहेत, पण फोटोसाठी रांग. आम्ही पाच मिनिटांत निघालो. जास्त वेळ बसलो ते वालोंगोच्या धक्क्याशी. २०११मध्ये बंदरातलं खोदकाम करताना सापडलेले ओबडधोबड दगड. सुमारे नऊ लाख आफ्रिकी माणसं या दगडांवर उतरवली गेली. आता कठडा, एक फलक. जवळच पेद्रा दो साल नावाचा खडक, सोमवारी रात्री तिथे सांबा होतो. मंच नाही. मध्ये टेबल, टेबलाभोवती वाजवणारे, त्यांच्याभोवती आपण. शेजारची बाई माझा हात धरून ताल दाखवत होती, मी लेझीमच्या पावलांवर निभावून नेलं.

सुरक्षिततेबद्दल खाजगी निरोपांत विचारताय म्हणून इथेच: किनाऱ्यावर एकच फोन न्यायचो, तोही पिशवीच्या तळाशी. रस्त्यात फोन काढायचा तर दुकानात शिरून. रात्री चालायचं नाही, टॅक्सी. हॉस्टेलातल्या एका मुलीचा फोन सायकलवाल्याने हिसकावला, म्हणजे गोष्टी खोट्या नाहीत. पण सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत मेट्रोला बायकांचा वेगळा डबा असतो, आणि मी बोरिवलीत वाढलेली आहे. त्या डब्यात शिरल्यावर घरी आल्यासारखं वाटलं.

मंजिरी_काळे_ढग

आणि सूर्यास्त? आर्पोआदोरला टाळ्या वाजवतात म्हणे.

तिचा_हमाल

वाजवतात. पण आम्ही आधी फसलो. समुद्र म्हणजे पश्चिम, हे डोक्यात इतकं पक्कं की कोपाकबानाला सूर्यास्त बघायला जाऊन बसलो. तो किनारा पूर्व-आग्नेयेकडे तोंड करून आहे! वर हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून कललेला, त्यामुळे दुपारीच मागच्या इमारतींची सावली वाळूवर आली आणि लोक खुर्च्या उचलून उन्हाच्या पट्ट्याकडे सरकू लागले. दुसऱ्या दिवशी आर्पोआदोरच्या खडकावर. तिथेही उन्हाळ्यातच सूर्य पाण्यात बुडतो. जुलैत डोंगरांच्या मागे जातो. गेला तेव्हा सगळा खडक टाळ्या वाजवत होता. बाजूच्या आजोबांनी चणे खाणं थांबवून वाजवल्या आणि परत चणे.

शुभदा_वहिनी_नागपूर

तापियोकाचं ते पीठ आणलंत का मग? आणि उपासाला चालेल का? कसावा चालतो तर चालावं, पण त्यात आणखी काही मिसळतात का?

अण्णा_निवृत्त

आला, उपासाचा विषय आला. आता दोनशे प्रतिसाद.

विंचूबिऱ्हाड

आणलं, एक किलो. फक्त कसावा आणि पाणी असं पाकिटावर लिहिलेलं आहे. काल सासूबाईंना करून दाखवलं. त्यांनी पीठ बोटांत चोळून पाहिलं, वास घेतला, म्हणाल्या, "साबुदाणा होता होता राहिलेला दिसतोय." संकष्टीला दाण्याच्या आमटीबरोबर केलं. देवाला दाखवायच्या आधी आत थोडं ओलं खोबरं आणि गूळ घातला. अर्धं पाकीट एका दिवसात संपलं आणि त्यांचा प्रश्न: "एकच आणलंस?"

साओपावलोकर

मी डिसेंबरात पुण्यात येतोय. वहिनी, पत्ता माझ्या विचारपुशीत टाका, तीन किलो आणतो. बदल्यात थालीपिठाची भाजणी, दोन किलो, आणि कुरडया मिळाल्या तर बघा.

तिचा_हमाल

कुरडया आहेत. इपानेमाला गेलात तर नऊ नंबरच्या खुर्चीवाल्याला एक विचारा. तपकिरी काडी, उणे सहा.

साओपावलोकर

झा एरा.